बावन्न कड्या

आवाज पहिल्यांदा आईला ऐकू आला. ती तुळशीला पाणी घालत होती, मी गाडी काढत होतो. "पुढच्या बाजूला कुणी भांडी ठेवलीत का रे?" तिनं विचारलं. मी हसून सोडून दिलं. चार दिवसांनी सिग्नलला थांबलो असताना मलाही ऐकू आलं. पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तशी खळखळ. ॲक्सिलरेटर दाबला की गप्प, पाय उचलला की पुन्हा सुरू.

गाडी अँबेसिडर, मार्क फोर, १९८४ची, पेट्रोल. आप्पांनी ती १९८६ साली सेकंडहँड घेतली, तेव्हा ते पाटबंधारे खात्यात होते आणि मी सहावीत. आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीत त्या काळी चार अँबेसिडर आणि दोन फियाट होत्या. आता आमची एकटी उरली आहे. ती वापरायची गाडी नव्हे हे मला कळतं. वापरायला दुसरी आहे, तिचं बॉनेट मी वर्षातून एकदा काच धुवायचं पाणी भरायला उघडतो.

खळखळ कुठून येते ते शोधायची जुनी रीत म्हणजे लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. डायनामोला टेकवलं, साधी घरघर. वॉटर पंपाला टेकवलं, काही नाही. पुढच्या टायमिंग कव्हरला टेकवलं आणि दचकून डोकं मागे घेतलं. आत कुणीतरी साखळदंड ओढत चाललं होतं.

आप्पा व्हरांड्यात बसून बघत होते. वय एक्क्याऐंशी. "चेन असंल," ते म्हणाले, "पण तिला हात लावायचा तर इंजिन उतरवाय लागतंय." हे त्यांना कुणी सांगितलं? नव्वदच्या दशकात एका गॅरेजवाल्यानं. त्या एका वाक्यावर आमच्या घरानं पंचवीसएक वर्षं काढली होती.

०००

चेन करते काय, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचा सगळा खटाटोप म्हणजे रिकामटेकड्या माणसाची हौस वाटेल. तशी ती आहेही.

इंजिनच्या पोटात दोन दांडे फिरतात. खालचा क्रँक, त्याला चार पिस्टन जोडलेले. बाजूला थोडा वर कॅम, त्याच्या उंचवट्यांवर व्हॉल्व्हची उघडझाप अवलंबून. पिस्टन खाली जाताना एक व्हॉल्व्ह उघडून पेट्रोलमिश्रित हवा आत यायला हवी. पिस्टन वर येताना दोन्ही बंद हवेत. ठिणगी पडून तो खाली ढकलला गेला की पुढच्या फेरीत दुसरा व्हॉल्व्ह उघडून धूर बाहेर जायला हवा. चार हालचालींचं हे एक आवर्तन. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. म्हणून कॅमचा गिअर क्रँकच्या गिअरच्या दुप्पट दातांचा. या दोन गिअरांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन. मिनिटाला तीन हजार फेरे धरले, म्हणजे आपला हायवेचा साधा वेग, तर क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीसदा उघडतो. हे सगळं मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याएवढ्या रुंदीच्या साखळीच्या भरवशावर.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावताना मी बाबूराव पेंटरांचा कॅमेरा सांगतो. परदेशी कॅमेरा परवडेना म्हणून पेंटरांनी आणि विष्णुपंत दामल्यांनी इथंच कॅमेरा घडवला आणि त्या देशी कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. फिल्मच्या कडेला भोकं असतात, ती दातेरी चाकात अडकतात, एका चित्राला चार भोकं. चाक फिल्म ओढत असताना झडप बंद हवी, फिल्म थांबली की झडप उघडी. यात किंचित गफलत झाली की चित्राला शेपूट फुटतं. दातेरी चाक, झडप आणि दोघांमधला करार. इंजिनात तेच आहे, फक्त प्रकाशाच्या जागी पेट्रोल.

करार मोडायला चेन तुटावी लागत नाही. ती वाढली तरी पुरतं. "चेन ताणली" असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. मँचेस्टरमध्ये कारखाना असलेल्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली ज्या बांधणीची साखळी काढली, तीच आजही सायकलपासून इंजिनापर्यंत चालते. मध्ये पिन, पिनेवर बुश, बुशवर फिरता रोलर. पिन आणि बुश एकमेकांवर घासतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते. आमच्या चेनमध्ये बावन्न कड्या, पत्त्यांच्या जोडाएवढ्या. म्हणजे बावन्न केसांची जागा. तेवढ्यानं कॅम क्रँकच्या मागे पडतो. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमवरच चालतो, मग ठिणगीही उशिरा पडते. गाडी मरत नाही. फक्त घाटात दुसऱ्या गिअरला लवकर येते, पेट्रोल थोडं जास्त पिते, आणि मालक म्हणतो, जुनी झाली आता.

०००

उद्यमनगरात एक मेस्त्री आहेत. सत्तरी ओलांडलेली, दुकानावर पाटी नाही, लेथ मात्र दोन. हे उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं खरं यंत्रघर. शिरोली, गोकुळ शिरगावच्या मोठ्या फाउंड्र्या नंतरच्या. त्याआधी उसाला पाणी पाजायच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग इथल्या बोळांमधून निघायचे. मेस्त्रींनी ऑइल इंजिनं केली, जीप केल्या, शेकड्यानं अँबेसिडर केल्या. मी त्यांना आप्पांचं वाक्य ऐकवलं.

"इंजान उतराय लागतंय?" त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "रेडिएटर काढायचा, फॅन काढायचा, पुली वडायची, कव्हर सोडायचं. समोर चेन. तुमी घरात कराय लागलासा तर दोन दीस. मी करतो तर दुपारपतोर."

"मग त्या गॅरेजवाल्यानं असं का सांगितलं?"

"पुली निघाली नसंल त्याला." एवढं बोलून ते पुन्हा लेथकडे वळले. मग पाठमोरेच म्हणाले, "आनि मालक, गिअर बी बदला. जुन्या गिअरावर नवी चेन म्हंजे जुन्या कवळीला नवं दात."

उपमा शास्त्राला धरून होती. झिजलेल्या चेनच्या कड्या लांब होतात, त्या दातांवर वरच्या बाजूला बसतात, आणि दात हळूहळू आकड्यासारखे वाकतात. त्यावर नवी, आखूड कडी नीट बसत नाही; दात तिला खातात.

सुटे भाग मिळवणं हा स्वतंत्र प्रवास. उत्तरपाड्याला अँबेसिडरचं उत्पादन २०१४च्या मे महिन्यात थांबलं. पण गाडी मेली तरी तिचे भाग दहावीस वर्षं बाजारात फिरत राहतात. मी पुण्याला नाना पेठेत गेलो. पहिल्या दुकानात मला एका पुडक्यातून चेन काढून दाखवली; तेल लावलेली, चमकदार, पुडक्यावर कसलंच नाव नाही. मेस्त्रींनी शिकवलेली परीक्षा केली. चेन आडवी धरायची, रुंदी जमिनीला उभी राहील अशी, आणि एका टोकाला सोडायची. चांगली नवी चेन सरळ राहते, किंचित झुकते. ही तर पावसात भिजलेल्या दोरीसारखी खाली आली. नवी कोरी आणि जन्मापासून झिजलेली. तिसऱ्या दुकानात एका वयस्कर काउंटरवाल्यानं माळ्यावर पोरगा चढवला आणि मेणकागदात गुंडाळलेला जोड खाली आणला. दोन गिअर, एक दुपदरी चेन, पिच तीन सूत. सुताराच्या भाषेत आठ सुतांचा इंच, म्हणजे तीन सूत हे तीन अष्टमांश इंच. त्यानं पैसे मोजून घेतले आणि मग विचारलं, "बसवणार कोण?" मी म्हटलं, मीच. तो काही बोलला नाही, पण पुढच्या सीलचं आणि कव्हरच्या पॅकिंगचं पुडकं न मागता ठेवलं. "लागणार आहे," म्हणाला.

इंचाची गोष्ट निघालीच आहे तर पानेही सांगतो. अँबेसिडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, आणि आमच्या गाडीतलं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातलं. त्याच मापाचं सख्खं भावंड १९५५च्या एमजी एमजीए या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाडीत होतं. इंग्लंडमध्ये ती गाडी लोक रविवारी ऊन खायला काढत. आपल्याकडे तेच इंजिन कलेक्टर, लग्नाची वरात आणि काळीपिवळी ओढत राहिलं. त्यामुळे सगळे नटबोल्ट इंची. माझ्या डब्यातले दहा, बारा, तेरा नंबरचे मिलिमीटरचे पाने जवळपास बसतात आणि नेमक्या वेळी नटाचे कोपरे खातात. शेवटी बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरून इंची रिंगपान्यांचा अर्धा सेट घेतला. त्यावर कुणातरी रेल्वेवाल्यानं आपली आद्याक्षरं ठोकलेली आहेत.

०००

शनिवारी सकाळी सुरुवात केली. बॅटरीची वायर सोडली. रेडिएटरचं पाणी काढलं, गंजाच्या रंगाचं, अंगणातल्या फरशीवर त्याचा डाग अजून आहे. रेडिएटर काढला. फॅन, पट्टा, डायनामो सैल. इथवर कुणीही येतं.

मग पुली. क्रँकच्या टोकावर मोठा नट असतो, त्यालाच पुढे हँडल अडकवायच्या खाचा. नवीन पिढीला सांगायला हवं, या गाड्या हँडल मारूनही सुरू व्हायच्या. नटाखाली एक पातळ वॉशर, त्याची कड नटावर वाकवलेली, तो सुटू नये म्हणून. ती कड छिन्नीनं सरळ केली. आता नट सोडायचा, पण नट फिरवला की सगळं इंजिनच फिरतं. उपाय असा की गाडी चौथ्या गिअरला टाकायची आणि कुणीतरी ब्रेकवर उभं राहायचं. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरच्या. तिला सीटवर बसवलं.

"दाब!"

"दाबलाय बाबा!"

पाना हलेना. पान्यात पाइप घातला, दोन फूट लांबी वाढवली. हलेना. मी पाइपावर जवळजवळ लोंबकळलो. गाडीच मागे सरकली, दोन इंच. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय चाललंय. मेस्त्रींना फोन लावला.

"जोर लावू नका," ते म्हणाले. "ठोका द्या. पाना नटावर बसवा, आनि हातोड्यानं पान्याच्या टोकावर एकच ठोका. जोरानं नट घट्ट बसलेला असतोय, दचकला की सुटतोय."

तिसऱ्या ठोक्याला सुटला. "टक्" असा कोरडा आवाज आला आणि मुलगी आतून ओरडली, "तुटलं का?" त्या गॅरेजवाल्याची पंचवीस वर्षं त्या एका आवाजात संपली. एक सल्लाही त्या आठवड्यात मला चारचौघांनी दिला होता: पाना चॅसीला टेकवायचा आणि स्टार्टरला क्षणभर झटका द्यायचा, नट आपोआप सुटतो. सुटतो, खरं आहे. पाना सुटून मनगटावर आलेले दोघेजण मला उद्यमनगरातच भेटले. स्टार्टर या कामात लांब ठेवावा.

पुली दोन बाजूंनी दोन पट्ट्या लावून हलवत हलवत बाहेर आली. तिच्यामागून एक अर्धचंद्राच्या आकाराची चावी निसटली आणि टण् करून फरशीवर पडून गाडीखाली गेली. ही चावी पुलीला क्रँकशी बांधते. ती नखाएवढी आणि तिच्यावाचून पुढचं काम नाही. अर्धा तास आम्ही दोघं पोटावर पडून ती शोधली. सापडली ती आप्पांना, व्हरांड्यातून, काठीच्या टोकानं. "माझ्याकडं आली," म्हणाले.

कव्हरचे बोल्ट दोन मापांचे. मुलीनं पुठ्ठ्याच्या खोक्यावर कव्हरचा आकार काढला आणि जिथला बोल्ट तिथं पुठ्ठ्यात खोचला. ही युक्ती मला सुचली नसती. बाकीचे भाग आईच्या एका जुन्या पितळी ताटात, वर्तमानपत्र घालून. कव्हर निघालं आणि चेन समोर आली. काळी, तेलानं माखलेली, मधला भाग पोट सुटल्यासारखा लोंबतोय. बोटानं दाबला तर बोटाच्या पेराएवढा आत गेला.

दुपारी ती धुवून भिंतीच्या खिळ्यावर टांगली, शेजारी नवी. खालच्या टोकांमधला फरक सुताला जरा कमी. वळसा दोन पदरी लोंबतो, म्हणजे पूर्ण लांबीत जवळजवळ दोन सुतांची वाढ. बावन्नांनी भागली तर एका सांध्याला मिलिमीटरचा दहावा भाग. आप्पा चष्मा पुसून खिळ्याजवळ गेले, दोन्ही टोकांना बोट लावून बघितलं आणि आत निघून गेले.

०००

आता मुख्य काम. दोन्ही गिअरांच्या तोंडावर एकेक ठिपका ठोकलेला असतो. पंचाचा, बाजरीच्या दाण्याएवढा. हे दोन ठिपके समोरासमोर, दोन दांड्यांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर आले पाहिजेत. कारखान्यातल्या माणसाला फक्त इतकंच सांगायचं होतं आणि त्यानं ते लोखंडावर लिहून ठेवलं, कुठल्याही भाषेशिवाय. गॅरेजमध्ये याला टायमिंग बांधणं म्हणतात. आई दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढते ती पंधरा ते आठ. ही एक ते एक.

ऐकायला सोपं आहे. करताना दोन्ही गिअर आणि चेन असा सगळा संच एकदम हातात धरावा लागतो, कारण चेन अखंड आहे, तिला सुटी कडी नाही. क्रँकची चावी वर, कॅमची चावी घड्याळातल्या एकच्या जागी. संच एकाच वेळी दोन्ही दांड्यांवर सरकवायचा. सरकवताना ठिपके जुळलेले असतात. चेन ताणून बसली की एखादा गिअर किंचित फिरतो आणि ठिपका तिरका दिसतो. मग प्रश्न पडतो, हा तिरकेपणा चेन बसतानाचा की एक दात चुकल्याचा? पहिल्या वेळी मी म्हटलं चालेल. मुलीनं मोबाइलवर फोटो काढला, त्यावर बोटानं रेघ ओढली आणि म्हणाली, "बाबा, चालणार नाही." खरंच एक दात चुकला होता. काढला, फिरवला, पुन्हा बसवला. तिसऱ्यांदा रेघ दोन्ही ठिपक्यांच्या पोटातून गेली.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. दोन्ही गिअर एका पातळीत आहेत का? क्रँकच्या गिअरमागे पातळ वॉशर असतात, पापडाच्या जाडीचे, पातळी जुळवायला. नव्या गिअरची जाडी जुन्यापेक्षा तसूभर वेगळी असू शकते. पोलादी पट्टी कॅमच्या गिअरला टेकवली आणि क्रँकच्या बाजूला फट किती ते फिलर गेजनं बघितलं. एक वॉशर जास्त होता. तो काढला. नाहीतर चेन एका अंगानं घासत राहते आणि महिन्यादोन महिन्यांत पुन्हा चिंचोके.

हँडल लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं. ठिपके वेगळे झाले, दूर गेले, आणि दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटी पुन्हा समोरासमोर आले. मी तो फेरा चार वेळा फिरवला. गरज एकदाचीच होती.

रविवारी संध्याकाळी कव्हर लागलं, पुली लागली, पाणी भरलं. अंधार पडत आलेला. हात धुतले. पितळी ताट आत न्यावं म्हणून उचललं, वर्तमानपत्र सरकलं आणि खाली एक चकती. बशीएवढी, पातळ पत्र्याची, मध्ये भोक. एका तोंडावर इंग्रजी एफ कोरलेलं. ती तेल फेकणारी चकती होती. ती क्रँकच्या गिअरपुढे बसते, फिरते, आणि येणारं तेल सीलपासून दूर भिरकावते. तिच्यावाचून तेल सीलवर आदळत राहतं आणि पुढून गळतं. एफ म्हणजे फ्रंट, ते तोंड पुढे. ती वर्तमानपत्राखाली निवांत पडली होती.

मुलगी काही बोलली नाही. आप्पा म्हणाले, "जेवून घे. उद्या काढ."

दुसऱ्यांदा उघडायला आणि लावायला तीन तास लागले. पहिल्यांदा दोन दिवस गेले होते. ते तीन तास मला जास्त आवडले, हे कबूल करतो. कुठला बोल्ट कुठं, हे हाताला कळायला लागलं होतं. कव्हर घट्ट करण्याआधी पुली सीलमध्ये घालून मध्य साधायचा, मगच बोल्ट आवळायचे, हेही पहिल्या वेळी मी उलटं केलं होतं. चकती विसरली नसती तर ते कधीच लक्षात आलं नसतं.

०००

या गोष्टीला भुलून कुणी आपल्या आजच्या गाडीचं कव्हर उघडू नये म्हणून एक फेरी कावळा नाक्याकडच्या गॅरेजात मारली. तिथला तरुण मेकॅनिक आयटीआय केलेला, समोर लॅपटॉप. त्याच्याकडे त्या दिवशी एक छोटी डिझेल गाडी होती, १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनची. हे फियाटचं इंजिन आपल्या रांजणगावात बनलं, हरियाणातल्या मानेसरला बनलं, आणि किती वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत बसलं याची गणती नाही. त्यातही टायमिंग चेनच. पण कॅम डोक्यावर, चेन लांब, तिला वाट दाखवायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि ताण धरायला तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर. त्यानं एक काढलेली पट्टी माझ्या हातात दिली. तपकिरी पडलेली, मध्ये चेननं दोन खोल चऱ्या पाडलेल्या.

"तेल वेळेवर बदललं असतं तर ही निघालीच नसती," तो म्हणाला. "लोकांना वाटतं चेन आहे म्हणजे जन्माची. तेल घट्ट झालं की टेन्शनरला दाब मिळत नाही, चेन सैल, पट्टी खाल्ली." आणि इथं सैल चेननं एक दात उडी मारली तर नुसती खळखळ होत नाही; उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटतो. क्रँक आणि कॅम जागच्या जागी धरून ठेवायला खास हत्यारं लागतात, ठिपक्यावर आणि नजरेवर काम भागत नाही. मी विचारलं, "घरी करता येईल?" त्यानं माझ्या नखांतली काळी रेघ बघितली. "तुम्ही कराल काका. पण करू नका."

जुन्या गाड्यांपैकी मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. सगळ्यात शेवटची २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली, टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षं. त्यांच्या इंजिनातही चेनच होती. ती बदलणारे कुर्ल्याचे मेस्त्री आता काय करतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

०००

सोमवारी दुपारी शेवटचं काम उरलं होतं, ठिणगीचं टायमिंग. यासाठी जुनी, स्वस्त युक्ती आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि हँडल सावकाश फिरवायचं. पिस्टन दाब देत वर आला की आतली हवा अंगठा उचलते. कुणीतरी आतून "ऊठ" म्हटल्यासारखं. मग पुलीवरची खाच कव्हरवरच्या टोकांपैकी योग्य टोकाशी आणायची. डिस्ट्रिब्युटरच्या तारेला एक छोटा बल्ब जोडायचा, दुसरं टोक इंजिनच्या लोखंडाला. डिस्ट्रिब्युटरचं धड हलकेच फिरवायचं. ज्या क्षणी पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब पेटतो. तिथं आवळायचं.

डिस्ट्रिब्युटरची मान मी चिंधीनं पुसली तेव्हा त्यावर तीन रेघा दिसल्या. छिन्नीच्या कोपऱ्यानं ओढलेल्या, एकमेकींपासून काडीच्या अंतरावर. खाली ब्लॉकवर एकच रेघ. पहिली रेघ गंजानं भरलेली, दुसरी कमी, तिसरी जवळजवळ स्वच्छ.

"आप्पा, हे काय?"

ते आले. वाकायला वेळ लागला. "पहिली गाडी घेतली तेव्हाची. दुसरी तुझ्या लग्नाच्या आधी, पन्हाळा चढंना म्हणून. तिसरी..." त्यांनी हिशेब केला. "रिटायर झाल्यावर. दर वेळी थोडा पुढं घेतला. घेतला की गाडी ओढायची."

म्हणजे चेन हळूहळू मागे पडत होती आणि आप्पा डिस्ट्रिब्युटर हळूहळू पुढे घेत होते. ठिणगी जागेवर आणत होते. व्हॉल्व्ह मात्र मागेच राहिले होते, त्यांना कोण पुढे घेणार? ते कव्हरच्या आत होते, आणि कव्हर उघडायला इंजिन उतरवावं लागतं.

मी खाच जुळवली. बल्ब लावला. मुलीनं वायर धरली. डिस्ट्रिब्युटर तिसऱ्या रेघेवर होता, तिथून मागे फिरवायला लागलो. दुसरी रेघ गेली, बल्ब पेटलेलाच. अजून किंचित. पहिली रेघ ब्लॉकवरच्या रेघेच्या वर आली आणि बल्ब विझला.

मी हात काढला. पुन्हा मागे नेला, पुन्हा पुढे आणला. पुन्हा तिथंच.

आप्पांनी टॉर्च मागितला. तो तिरका धरून त्यांनी दोन्ही रेघा बघितल्या, मग नखानं त्यातला गंज जरा खरवडला. आई दारात उभी होती. मुलीनं चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. समोरच्या काकू खिडकीत आल्या, कारण आवाज ओळखीचा नव्हता.

"ते हँडल डिकीत ठेव," आप्पा म्हणाले. "बाहेर राहिलं तर गंजतंय."